पत्ता यंत्राचा नव्हे, कामाचा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि मानोरा तालुक्यातल्या आमच्या इंझोरीचा पत्ता बदलला. गाव जागचं हललं नव्हतं. मी तेव्हा मुंबईत मेनफ्रेम संगणकावर रात्रपाळी करायचो. त्या जगात नेमका उलटा प्रयत्न चालला होता: घर बदललं तरी पत्ता तोच राहावा.

पत्त्याचं हे शहाणपण आपल्याला परकं नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनचे सहा आकडे पोस्टमनचे नसतात, टपाल कार्यालयाचे असतात. पोस्टमन बदलला तरी पत्र पोचतंच.

संगणकाचा पत्ता मात्र त्यातल्या नेटवर्क कार्डाला चिकटलेला असे. कार्ड बिघडलं, की आत सगळं ठणठणीत असूनही ग्राहक बाहेर ताटकळायचा. आयबीएमने १९९४ मध्ये पॅरलल सिस्प्लेक्स आणलं. त्यात ३२ पर्यंत मेनफ्रेम एकजुटीने राबवता येत. पण पत्ता एकाच कार्डाचा असेल, तर त्या एकजुटीचा उपयोग काय? म्हणून कुठल्याच कार्डाचा नसलेला, आभासी पत्ता आला. एक कार्ड गेलं, तर निरोप दुसऱ्या कार्डातून आत येऊ लागला.

१९९९ मध्ये पुढचं पाऊल पडलं. यंत्रच बंद पडलं, तर दुसरं यंत्र तो पत्ता आपोआप स्वतःकडे घेई आणि जाळ्याला तसं कळवी. कोणामागून कोण, हे आधीच लिहून ठेवायचं. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसारखंच, फक्त मालक जायच्या आधी केलेलं! चालू असलेलं काम तुटे; पण ग्राहकाने पुन्हा हाक दिली, की त्याच पत्त्यावरून ‘ओ’ येई. २००० पासून एकाच पत्त्यावर आलेलं नवं काम अनेक यंत्रांत वाटूनही देता येऊ लागलं.

गेल्या पावसाळ्यात माझी आई पेन्शन आणायला बँकेत गेली आणि ‘लिंक नाही’ ऐकून रिकाम्या हाती परतली. दूरच्या संगणकाला काहीच झालं नव्हतं; वाटेतली तार तुटली होती. आयुष्यभर मी यंत्रांचे वारस नेमले. पण गावाकडे येणारी तार एकच असेल, तर त्या साऱ्या तजविजीचा आईला उपयोग नाही. दुसरी वाट तिच्या दारापर्यंत यायला हवी.