गणित आणि ग्रंथपाठ : विद्यापीठांतील जोड-अध्ययनाचीं तीन उदाहरणें

(१)

विद्यार्थ्यानें विद्यापीठांत एकच विषय धरून बसावें, कीं त्याच्या जोडीला परदेशच्या भाषा व तेथील संस्कृति यांचाहि अभ्यास करावा, हा प्रश्न २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मुख्य व गौण विषयांची सोय केल्यापासून पुन्हा घरोघर निघूं लागला आहे. गणित घेतलेला मुलगा जर्मन किंवा पाली शिकतों म्हणाला, तर वडील मंडळी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण त्यास ऐकवितात. आम्हीहि अध्यापकीच्या दिवसांत ती पुष्कळदां ऐकविली आहे. परंतु जुन्या पोथ्या व जुनीं नाणीं यांच्या संशोधनाचा इतिहास पाहूं जातां ह्या म्हणीला इतके मोठे अपवाद आढळतात, कीं अपवाद कोणता व नियम कोणता याचाच संशय यावा. प्रस्तुत लेखांत अशीं तीन उदाहरणें देऊन, संग्राहक मंडळींनीं त्यांपासून काय घ्यावें याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

(२)

पहिलें उदाहरण एका शाळामास्तरांचें आहे. हेर्मान ग्रासमान (१८०९–१८७७) हे प्रशियांतील श्टेटिन गांवचे. १८२७ सालीं ते बर्लिन विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां त्यांचे विषय ईश्वरविद्या व ग्रीक-लॅटिन ह्या अभिजात भाषा हे होते. गणिताचें अध्ययन त्यांनीं घरीं स्वतःच केलें. त्यांचे वडील गणिताचे शिक्षक होते, एवढेंच काय तें पाठबळ. पुढें जवळजवळ जन्मभर ते श्टेटिन येथेंच शिक्षक राहिले. १८४४ सालीं त्यांनीं 'विस्तारशास्त्र' नांवाचा गणितग्रंथ प्रसिद्ध केला. आज त्याची गणना गेल्या दोनशें वर्षांतील मोठ्या गणितग्रंथांत होते. पण त्या काळीं तो कोणी वाचला नाहीं. १८६२ सालीं तोच विषय नव्यानें मांडला, त्याचीहि तीच गत झाली.

तेव्हां ग्रासमान संस्कृताकडे वळले. १८६३ सालीं त्यांनीं महाप्राण वर्णांसंबंधीं जो नियम मांडला, तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले असतां पहिला अल्पप्राण होतो, हा त्याचा आशय. 'धा' धातूचें 'दधाति' व 'भृ' धातूचें 'बभार' होतें, हें आपल्याकडील प्रत्येक शास्त्र्यास ठाऊक आहे. अभ्यासापुरता हा विधि पाणिनीनें सांगितलाच आहे. ग्रासमान यांनीं विशेष केलें तें हें, कीं ग्रीक भाषेंतहि हाच प्रकार चालतो हें दाखवून, 'बन्ध्' व 'बुध्' यांसारख्या धातूंच्या आरंभीं मूळचा महाप्राण असला पाहिजे असें सिद्ध केलें. जर्मानिक भाषांतील ज्या शब्दांना तोंवर अपवाद म्हणून बाजूला ठेवीत, ते यायोगें नियमांत बसले. अपवादांचा ढीग पाहून त्यांच्यामागें दुसरा नियम असेल काय असें विचारणें, ही गणित्याचीच संवय. १८७३ ते १८७५ या वर्षांत त्यांचा ऋग्वेदाचा कोश प्रसिद्ध झाला. त्यांत संहितेंतील शब्द रूपवार लावून स्थळनिर्देशासह दिले आहेत, व वेदाभ्यासक तो आजहि जवळ ठेवतात. १८७६ सालीं ट्यूबिंगेन विद्यापीठानें त्यांस सन्मान्य पदवी दिली, ती ह्या भाषाविषयक कार्यासाठीं.

(३)

दुसरें उदाहरण आपल्याकडील आहे. कै. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर (१८८७–१९४३) यांनीं केंब्रिज येथें गणित घेऊन पदवी मिळविली. पुढें ते बर्लिनला गेले व तेथें हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखालीं त्यांनीं भारतीय विद्येचें अध्ययन केलें. शाकटायनाच्या व्याकरणाचा एक भाग हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जर्मन विद्यापीठांत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयांतहि परीक्षा देण्याची वहिवाट असल्यानें, दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यास तेथें कोणी हंसत नसे. १९२५ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें प्रमुख संपादकत्व त्यांच्याकडे सोंपविलें. आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. त्याच्या प्रस्तावनेंत पाठनिर्णयाचे जे नियम त्यांनीं घालून दिले, त्यांच्या आधारावर पुढील संपादकांनीं १९६६ सालापर्यंत तें प्रचंड काम शेवटास नेलें.

आदिपर्वासाठीं त्यांनीं सुमारें साठ प्रतींचा उपयोग केला. त्या प्रती शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिपींतील. यांतून मूळ पाठ कोणत्या न्यायानें काढावा? बहुमतानें म्हणावें, तर देवनागरी प्रती सर्वांत विपुल, पण सर्वांत मिसळलेल्या. सुखठणकरांचा मुख्य न्याय असा, कीं ज्या वाचनांचा परस्परांशीं संबंध आलेला नाहीं अशा वाचनांचा मेळ जेथें बसतो, तो पाठ मूळचा. काश्मीरची शारदा प्रत व केरळांतील मलयाळम् प्रती ह्या देशाच्या दोन टोंकांच्या. त्यांचें ऐकमत्य म्हणूनच त्यांनीं फार मोलाचें मानलें.

ह्या न्यायाचें स्वरूप आम्ही शाळेंतील दृष्टांतानें सांगतों. एकाच बांकावरील दोन मुलांचें उत्तर सारखेंच चुकलें, तर एकानें दुसऱ्याचें उतरून घेतलें असें मास्तर ताडतात. उलट, दोन निराळ्या गांवच्या मुलांचें उत्तर तंतोतंत जुळलें, तर त्या जुळणीचें कारण प्रश्नांतच शोधावें लागतें. समान चुका प्रतींचें कुळ सांगतात आणि दूरच्या प्रतींचें ऐकमत्य मूळ सांगतें. हा तर्क संभवाच्या गणिताचा आहे. सुखठणकरांनीं त्याची समीकरणें मांडलीं नाहींत. तथापि केंब्रिज येथें लागलेलें वळण प्रस्तावनेच्या पानापानांतून दिसतें, असें आमचें मत आहे.

ह्या न्यायाची पारखहि लौकरच झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळांतून त्या पर्वाची एक प्राचीन प्रत उजेडांत आली. सुखठणकरांनीं प्रक्षिप्त म्हणून गाळलेल्या कित्येक श्लोकांना त्या प्रतींत स्थान नव्हतें. संपादकाला याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

(४)

तिसरें उदाहरण प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचें. पहिल्या दोघांनीं एकामागून एक विद्या धरली. यांनीं त्या एकाच वेळीं चालविल्या. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद हे पालीचे प्रख्यात पंडित. 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठीं त्यांस हार्वर्ड विद्यापीठाकडून बोलावणें येत असे. १९१८ सालीं ते मुलाला बरोबर घेऊन गेले, व दामोदरपंतांचें शालेय शिक्षण अमेरिकेंतील केंब्रिज गांवीं होऊन ते हार्वर्डमध्यें दाखल झाले.

त्या विद्यापीठांत लॉवेल यांच्या अध्यक्षपणांत अशी पद्धति पडली होती, कीं विद्यार्थ्यानें कांहीं अभ्यासक्रम एका विषयांत एकवटावे व बाकीचे निरनिराळ्या क्षेत्रांत वांटून घ्यावे. कोसंबींनीं ह्या सवलतीचा पुरेपूर फायदा उठविला. गणिताचे थोर अध्यापक बर्कहॉफ यांची इच्छा होती, कीं ह्या विद्यार्थ्यानें सर्व शक्ति गणितावर लावावी. त्यांनीं तें ऐकलें नाहीं. निरनिराळे विषय ते घेत गेले. ग्रीक, लॅटिन, जर्मन व फ्रेंच ह्या भाषा त्यांनीं आत्मसात केल्या, आणि १९२९ सालीं सर्वोच्च सन्मानासह पदवी घेऊन ते स्वदेशीं परतले.

१९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत असतां त्यांनीं आहत नाण्यांचा विषय हातीं घेतला. टांकसाळींतून नाणें ठराविक वजनानें निघतें; हातोहात फिरतां फिरतां तें झिजतें, आणि सर्वच नाणीं सारखीं झिजत नसल्यानें कालांतरानें त्यांच्या वजनांतील फरकहि वाढतो. तेव्हां एका निधींतील नाणीं काळजीपूर्वक तोलून सरासरी व फरक काढले, तर कोणता वर्ग जुना व कोणता नवा याचा क्रम लावतां येईल, अशी ही युक्ति. तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांवर ती लावण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या काळचीं चालू नाणीं तोलून झीज कशी होते हें पडताळून घेतलें. पाठीमागचे बारीक शिक्के जसे अधिक, तसें सरासरी वजन कमी, असा संबंधहि त्यांस दिसला.

नाण्यांवरून ते संस्कृत ग्रंथांकडे आले व भर्तृहरीच्या शतकांत गुंतले. पाठचिकित्सेच्या मार्गांत सुखठणकरांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें होतें. आमचीं दोन उदाहरणें येथें एकत्र येतात. १९४८ सालीं सिंघी जैन ग्रंथमालेंत त्यांची भर्तृहरीची संशोधित आवृत्ति निघाली. तिच्यासाठीं ३७७ हस्तलिखितें उपयोगांत आणलीं होतीं. निष्कर्ष असा निघाला, कीं भर्तृहरीच्या नांवावर मिळणाऱ्या ८५२ श्लोकांपैकीं सर्व वाचनांना सामान्य असे श्लोक सुमारें २०० च. आणखी १५२ संशयित, आणि उरलेले ५०० तुरळक प्रतींतील. तीन शतकें म्हणून आपण जें पाठ करितों, त्यांतील निश्चित गाभा दोन शतकांएवढाच ठरला.

(५)

यावर पूर्वपक्ष असा करितां येईल, कीं हे तिघे असामान्य बुद्धीचे होते, त्यांचा दाखला सामान्य विद्यार्थ्यास काय कामाचा? शिवाय जोड-विद्येनें हानि झाल्याचेंहि दिसतें. कोसंबींचे नाण्यांविषयींचे कित्येक निष्कर्ष पुढील नाणकशास्त्रज्ञांनीं जसेच्या तसे स्वीकारले नाहींत. गणितांतहि, रीमान यांच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाचें जें उत्तर त्यांनीं १९५९ च्या सुमारास पुढें केलें तें टिकलें नाहीं, आणि त्यांच्या लौकिकाला त्याचा धक्का बसला.

हे आक्षेप खरे आहेत. ते झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु निष्कर्ष व पद्धति हीं वेगळीं ठेवलीं पाहिजेत. नाणें तोलून त्याचें वजन नोंदणें, ही शिस्त निष्कर्ष बदलला तरी बाद होत नाहीं. उलट, निष्कर्ष खोडून काढणाऱ्यालाहि तींच वजनें लागतात. सामान्य विद्यार्थ्यासंबंधीं म्हणाल, तर त्यानें ग्रासमान व्हावें असें कोणीच म्हणत नाहीं. तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट मात्र सारखी दिसते : दुसरा विषय त्यांनीं हौसेपुरता घेतला नाहीं, पहिल्या विषयाइतकेच कष्ट त्यांत घेतले. चिंध्या होतात त्या विषय दोन घेतल्यामुळें नव्हेत. दोन्ही अर्धवट टाकल्यामुळें होतात.

(६)

आतां आमच्या वाचकांविषयीं, व प्रथम आमच्या स्वतःच्या अपराधाविषयीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका घरीं आम्हांस पोथ्यांचा एक रुमाल दाखविण्यांत आला. त्यांत नीतिशतकाच्या चार प्रती होत्या. एक सुवाच्य व शकाचा उल्लेख असलेली, बाकीच्या तीन वाळवीनें खाल्लेल्या, मागचीं-पुढचीं पानें गेलेल्या. घरच्यांनीं विचारलें, "गुरुजी, ह्या कांहीं उपयोगाच्या आहेत का?" आम्ही संस्कृताचे पदवीधर, मोठ्या ऐटीनें म्हणालों, "एक चांगली आहे, ती जपा, बाकी द्विरुक्ति आहे." त्या तीन प्रती पुढें नदींत सोडण्यांत आल्या. कोसंबींची आवृत्ति आमच्या वाचनांत आली ती त्यानंतर. त्या तीन प्रतींत कोणते श्लोक होते व कोणते नव्हते, क्रम कोणता होता, त्या कोणत्या कुळांतल्या, हें आतां कधींहि कळावयाचें नाहीं. आम्हांस संस्कृत येत होतें, पण मोजणें येत नव्हतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. एकाच ग्रंथाची दहावी प्रत मिळाली तरी ती टाकूं नये. त्रुटित प्रतहि साक्षीदार असते. प्रत कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं व कोणत्या लिपींत मिळाली हें रुमालावरच लिहून ठेवावें, कारण स्थळ हरवलें कीं तिची निम्मी साक्ष गेली. जुनें नाणें हातीं आल्यास चिंच लावून उजळूं नये. त्यानें मळाबरोबर धातूहि जातो. प्रथम तें तोलावें व वजन नोंदवावें. आणि घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी गणिताच्या जोडीला एखादी परकी भाषा शिकूं म्हणेल, तर ती म्हण त्यांस न ऐकवितां आपला रुमाल सोडून समोर ठेवावा. त्यांतील मजकूर वाचणारे अजून कांहीं आहेत. तो वाचून मोजणारे मात्र फार थोडे.