इरुळर

इरुळर : तमिळनाडूतील एक अनुसूचित जमात. वस्ती मुख्यतः चेन्नईच्या आसपासच्या किनारी मैदानात व निलगिरीच्या उतारांवर. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील लोकसंख्या सुमारे 1 लाख 90 हजार. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे केंद्र सरकारने त्यांचाही समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे.

तांबरम–चेंगलपट्टू–मामल्लपुरम या टापूतील इरुळर साप, उंदीर व घोरपडी पकडणे, वनौषधी गोळा करणे आणि शेतमजुरी यांवर गुजराण करीत. भाताच्या खाचरातील उंदरांची बिळे खणून त्यांत साठलेले धान्यही ते काढून घेत. कन्नीअम्मन ही त्यांची कुलदेवता. माशी या तमिळ महिन्याच्या पौर्णिमेला ते सहकुटुंब मामल्लपुरमच्या किनाऱ्यावर जमतात. लग्ने तेथेच जुळतात आणि लागतातही.

सापांच्या कातड्यांचा व्यापार हा त्यांच्या कमाईचा मोठा आधार होता. वन्यजीव संरक्षण कायदा (1972) व त्यानंतरची निर्यातबंदी यांमुळे तो तुटला. तांबरमजवळच्या सेलैयूर येथे सर्पोद्यान सुरू करणारे सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये इरुळा सर्पपकड औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. वडनेम्मेली येथील तिच्या केंद्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे मातीच्या मडक्यांत ठेवतात. मडक्याच्या तोंडाला सुती फडके बांधलेले असते. काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढले, की पोटावरच्या खवल्याला खुणेची कात्री लावून साप सोडून देतात. त्यामुळे तोच साप लगेच पुन्हा आणला तर ओळखू येतो. वाळवलेले विष प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतात. संस्थेतील वडिवेल गोपाल व मासी सदैयन यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

स्वशासन : तमिळनाडूत राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील एकही क्षेत्र नाही. त्यामुळे अशाच क्षेत्रांतील ग्रामसभांना स्वशासनाचे अधिकार देणारा व पालघरच्या वारली पाड्यांना लागू असलेला पेसा कायदा (1996) इरुळरांना लागू होत नाही. वनहक्क कायदा (2006) लागू असला, तरी मैदानात विखुरलेल्या, बहुधा भूमिहीन कुटुंबांना त्याचा आधार तोकडा पडतो. वीटभट्ट्या व भातगिरण्यांतून वेठबिगार इरुळरांची सुटका करण्याची वेळ अलीकडेही आली आहे. सामूहिक कारभाराचे ठळक साधन म्हणून सहकारी संस्थेकडेच बोट दाखवता येते. पण ती उद्योग विभागाच्या देखरेखीखाली चालते, आणि कोणते साप किती पकडायचे हे वन विभागाच्या परवान्यावर ठरते.