एक मोटार, अनेक नावे : ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या इतिहासातील एक प्रश्न

एकाच साच्यातून निघालेली मोटार दोन-चार वेगवेगळ्या नावांनी विकावयाची, ही प्रथा मोटार उद्योगात जुनी आहे. समोरची जाळी, बिल्ला, आतील गाद्या यांत थोडाफार फरक करावयाचा आणि नाव बदलावयाचे. या प्रकाराला काहीशा उपहासाने ‘बॅज इंजिनिअरिंग’ असे म्हटले जाते. ग्राहकाला भुलविण्याची ही एक युक्ती आहे, असा तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि, ज्या कंपनीच्या नावाशी ही प्रथा कायमची जोडली गेली त्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा इतिहास पाहिला असता, तिचे मूळ ग्राहकाच्या मनापेक्षा विक्रेत्याच्या दुकानात अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही कंपनी १९५२ मध्ये ऑस्टिन आणि नफील्ड या दोन उद्योगसमूहांच्या एकत्रीकरणातून अस्तित्वात आली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ मध्ये बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिज येथे सुरू केलेला कारखाना एका बाजूस, तर विल्यम मॉरिस (पुढे लॉर्ड नफील्ड) यांनी ऑक्सफर्डजवळील काउली येथे उभारलेला उद्योग दुसऱ्या बाजूस. मॉरिस यांनी आर्थिक अडचणीत आलेल्या वुल्झली (१९२७) आणि रायली (१९३८) या कंपन्या विकत घेतल्या होत्या. एमजी हे नाव तर त्यांच्याच ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानावरून पडलेले. दोन्ही घराण्यांतील स्पर्धा जुनी आणि कडवट होती. नव्या कंपनीची सूत्रे लवकरच ज्यांच्याकडे आली ते लेनर्ड लॉर्ड १९३६ मध्ये मॉरिस यांच्याशी बिनसल्यामुळे तेथून बाहेर पडले होते व पुढे ऑस्टिनमध्ये दाखल झाले होते.

कागदोपत्री कंपनी एक झाली. विक्रेत्यांची जाळी मात्र वेगवेगळीच राहिली. ऑस्टिनचा विक्रेता ऑस्टिनच विके, मॉरिसचा विक्रेता मॉरिस. प्रत्येकाची पिढीजात गिऱ्हाइके होती. एखादे नाव बंद केल्यास त्या दुकानाचे गिऱ्हाईक आपल्याच दुसऱ्या दुकानात न जाता फोर्डकडे जाईल, ही भीती निराधार नव्हती. दुसरीकडे, पत्रा दाबून मोटारीचे अंग घडविणारे साचे इतके महाग झाले होते की प्रत्येक नावासाठी स्वतंत्र मोटार घडविणे परवडणारे नव्हते. या कात्रीतून सापडलेली वाट म्हणजे अंग एक, नावे अनेक.

१९५८-५९ मध्ये इटलीच्या पिनिन फारिना यांनी रेखाटलेली एकच मध्यम आकाराची मोटार पाच नावांनी बाजारात आली : वुल्झली १५/६०, ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, एमजी मॅग्नेट आणि रायली ४/६८. सर्वांचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे. एमजी आणि रायली यांना दोन कार्ब्युरेटर, वुल्झलीच्या जाळीवर रात्री उजळणारा तिचा परंपरागत बिल्ला, आणि किमतीप्रमाणे आत लाकूड व चामडे. येथे एक गोष्ट भारतीय वाचकाच्या ध्यानात यावी. आपल्याकडे १९५७ पासून उत्तरपाडा येथे तयार होऊ लागलेली अॅम्बॅसडर ही या मोटारीच्या आधीच्या, म्हणजे तिसऱ्या मालिकेतील मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती. ऑस्टिनशी अंग वाटून न घेतलेली ती शेवटची ऑक्सफर्ड सलून. मायदेशी १९५९ मध्ये संपलेले तिचे रूप बंगालमध्ये २०१४ पर्यंत टिकले.

ऑगस्ट १९५९ मध्ये आलेली अॅलेक इसिगोनिस यांची सुप्रसिद्ध मिनीदेखील आरंभी ‘मिनी’ या एका नावाची नव्हती. ऑस्टिनच्या दुकानात ती ‘ऑस्टिन सेव्हन’ होती आणि मॉरिसच्या दुकानात ‘मॉरिस मिनी-मायनर’. १९६२ मध्ये आलेल्या ११०० या मोटारीने तर पुढील तीन वर्षांत मॉरिस, एमजी, ऑस्टिन, व्हँडन प्लास, वुल्झली आणि रायली अशी सहा नावे धारण केली. ती साठच्या दशकातील बहुतेक वर्षे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपणारी मोटार होती. म्हणजे हे धोरण खपाच्या दृष्टीने फसले, असे म्हणता येत नाही.

मग दोष कोठे होता? त्याच १९६२ मध्ये आलेल्या फोर्ड कॉर्टिनाशी तुलना केली असता तो स्पष्ट होतो. ग्राहकाला निरनिराळ्या किमतींचे पर्याय हवे असतात, हे फोर्डलाही ठाऊक होते. परंतु त्याने डीलक्स, सुपर, जीटी असे सर्व पर्याय एकाच नावाखाली, एकाच विक्रेत्याकडे ठेवले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला त्याच कामासाठी सहा बिल्ले, सहा जाहिराती आणि समांतर दुकाने पोसावी लागली. एकत्रीकरणाच्या वेळी घ्यावयाचा अप्रिय निर्णय तिने बिल्ल्यांच्या आड पुढे ढकलला.

याची किंमत नावांनीही मोजली. रायली हे मूळचे कॉव्हेंट्रीचे, स्वतःच्या इंजिनासाठी नावाजलेले. त्या परंपरेतील इंजिन असलेली अखेरची मोटार, पाथफाइंडर, १९५७ मध्ये बंद झाली. नंतर उरली ती केवळ जाळी आणि निळा बिल्ला. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली, १९६९ मध्ये रायली आणि १९७५ मध्ये वुल्झली संपली. त्याच १९७५ मध्ये कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. अमेरिकेत १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल घेणाऱ्यांना आपल्या मोटारीत शेव्हरोलेचे इंजिन असल्याचे आढळले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि जनरल मोटर्सला भरपाई देऊ करावी लागली. तेथील ग्राहक नावाचे पैसे मोजताना त्यामागील वस्तूचेही पैसे मोजत होता.

वरील सहा नावांपैकी एमजी आज चिनी कंपनी साइकच्या मालकीचे आहे. २०१९ मध्ये गुजरातेतील हालोल येथून भारतीय बाजारात आलेली या नावाची पहिली मोटार, हेक्टर, मुळात चीनमधील बाओजून ५३० होती. तीच मोटार इंडोनेशियात वूलिंग अल्माझ आणि थायलंडमध्ये शेव्हरोले कॅप्टिवा या नावांनी विकली गेली.