आगबोट चालती ठेवणारे हात

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी मालवाहू जहाजे बांधली. त्यांतले ‘जेरिमाया ओब्रायन’ १९४३ साली तयार झाले. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, तेव्हा इंग्लंडहून त्याने ११ खेपा केल्या. युद्धानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खाडीत ३३ वर्षे पडून राहिले. शेजारची जहाजे एकामागोमाग भंगारात निघाली.

हे वाचले ते स्वयंसेवकांमुळे. त्यांनी खाडीतच बॉयलर पेटवला आणि १९७९ मध्ये जहाज स्वतःच्या वाफेवर बाहेर काढले. १९९४ साली, ५०व्या स्मृतिदिनासाठी ते पुन्हा नॉर्मंडीला गेले. मूळ ताफ्यातले परतलेले मोठे जहाज हे एकच. त्यावर काम करणारे बहुतेक जण वयाने सत्तरीच्या आसपासचे, तेही बिनपगारी!

वाफेचे इंजिन रंगवून संग्रहालयात ठेवणे सोपे आहे. चालते ठेवायचे तर झडप किती उघडायची, फिरत्या बेअरिंगला हात लावून ते तापले का हे कसे ओळखायचे, हे दाखवणारा माणूस लागतो. जहाजाबरोबर ही विद्याही वाचली.

आपल्या कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतले आजोबा-पणजोबा ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी होते, सारंग होते. त्या बोटी आता नाहीत. पण ट्रंकेतली कागदपत्रे आहेत, काही म्हातारी माणसेही आहेत. त्यांच्याजवळ बसून आठवणी लिहून घ्यायला बॉयलर पेटवावा लागत नाही.