‘किल’ म्हणजे चर्च की रान?

वाकून आत या, दार बुटकं आहे. धुराने डोळे चुरचुरतील. चुलीत लाकूड नाही. दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेकळं जळताहेत. साल 1835, आयर्लंडच्या वायव्येची डोनेगल काउंटी, हिवाळा तोंडावर आलेला. तुम्ही जागांची नावं नोंदवणाऱ्या जॉन ओ'डोनोव्हन यांचे मदतनीस म्हणून पॅरिशभर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीभर, पायपीट करताय. ते जेमतेम 29 वर्षांचे. दक्षिणेकडचे असल्यामुळे इथली गेलिक बोली त्यांनाही कान देऊनच ऐकावी लागते.

मांडीवरची वही उघडा. करआकारणीसाठी लष्करी सर्वेक्षण खात्याने 1824 पासून सगळा देश मोजायला घेतलाय, मैलाला 6 इंच या प्रमाणात. त्यात प्रत्येक टाउनलँडचं, म्हणजे गावाहूनही लहान अशा जमिनीच्या तुकड्याचं, नाव पक्कं करायचंय. एकाच नावाची स्पेलिंगं मात्र अनेक: पाद्र्याचं एक, जमीनदाराच्या कागदांतलं दुसरं, जुन्या नकाशातलं तिसरं. सगळी ‘किल’ने सुरू होतात. आणि तिथेच घोळ आहे. ‘किल’ म्हणजे चर्च, तसंच रानासाठीच्या गेलिक शब्दाचंही इंग्रजीत बऱ्याचदा ‘किल’च होतं.

"आजोबा, पुन्हा एकदा म्हणता?"

म्हातारबाबा पाइप काढून नाव उच्चारतात. ऐका. चर्चच्या शब्दात ‘क’ला ‘य’चा पुसट स्पर्श असतो, रानाच्या शब्दातला ‘क’ जाड, मागून येणारा. तुमच्या मराठी कानाला हे अवघड नाही. ‘चहा’तला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, आणि कागदावर दोन्ही सारखेच. म्हातारबाबांचा ‘क’ जाड आहे. ते दाराबाहेर बोट दाखवतात. समोर उघडाबोडका उतार, झाड औषधालाही नाही. रान केव्हाच तुटलं. नावात तेवढं उरलंय.

ओ'डोनोव्हन गेलिक रूप आणि अर्थ वहीत टिपतात. शेजारी नकाशासाठी इंग्रजी स्पेलिंग सुचवतात. छापलं जाणार ते हेच स्पेलिंग. अर्थ वहीतच राहणार. इतकं जपून ऐकलेलं नाव अर्थाविना छापावं, हा मला अन्यायच वाटतो. तरी त्यांनी ऐकून घेतलं, हे फार मोठं काम झालं. दहाच वर्षांनी बटाट्यावर रोग पडेल, सुमारे 10 लाख माणसं दगावतील, त्याहून जास्त देश सोडतील. ही नावं नीट उच्चारणारी कितीतरी तोंडं त्यांत असतील.

आता वही मिटा आणि 2005 सालात या. आयरिश, म्हणजे हीच गेलिक, बोलणाऱ्या पट्ट्यातल्या गावांच्या इंग्रजी नावांची कायदेशीर मान्यता या वर्षी काढून घेतली गेली. याच डोनेगलमधल्या ग्लेनकोलमकिलचं अधिकृत नाव आता ‘ग्ल्यान खोलम किल्या’, कोलम किल्याची दरी. हा सहाव्या शतकातला संत. त्याच्या नावाचा अर्थ ‘चर्चचं कबूतर’. इथला ‘किल’ चर्चचाच आहे.