मुंबई-५८ ते ४०००५८ : शून्यांचे ऋण

१/ जुन्या पत्रांवर अंधेरीचा पत्ता ‘मुंबई-५८’ असा आढळतो. घाटकोपर ७७, मुलुंड ८०, बोरिवली ९२. पुढे या क्रमांकांआधी शून्य आले. त्या शून्याचे मोल समजून घेण्यासाठी टपालापासून संगणकापर्यंत जावे लागते.

२/ १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी. अनेक भाषा, अनेक लिप्या आणि एकाच नावाची अनेक गावे, हा गुंता त्यांना सोडवायचा होता.

३/ सहा अंकांपैकी पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. फोर्टचा १ झाला ४००००१. अंधेरी पश्चिमेचा ५८ झाला ४०००५८.

४/ आता १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. थोड्याच काळात तिच्यात यादी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ ही सोय आली. वेगळी सूचना नसेल, तर ती संख्यांनाही शब्दच मानते.

५/ शब्दकोशात ‘कमलपत्र’ हा लांब शब्द ‘घर’च्या आधी येतो, तिथे लांबी पाहत नाहीत, पहिले अक्षर पाहतात. त्याच न्यायाने १, १४, ५८, ९२, १०१ ही यादी ‘सॉर्ट’ला दिली की उत्तर येते : १, १०१, १४, ५८, ९२. म्हणजे कांदिवली पूर्व फोर्ट आणि दादरच्या मध्ये! चुकीचा इशारा मात्र कुठेच मिळत नाही.

६/ यादीत संख्या, मजकूर असे काहीही मिसळलेले असू शकते. त्या सर्वांना तुलनेसाठी शब्दाचेच रूप दिले जाते. १९९७ च्या प्रमाणकाने हाच नियम कायम केला. आता तो बदलावा, तर त्यावर विसंबलेली जुनी पाने बिघडतील. उपाय सोपा आहे : पहिल्या संख्येतून दुसरी वजा करणारे फलन ‘सॉर्ट’ला द्यावे. उत्तर ऋण आले तर पहिली संख्या आधी, धन आले तर नंतर.

७/ पिनकोडला मात्र या उपायाची गरजच पडत नाही. ४००००१, ४०००१४, ४०००५८, ४०००९२, ४००१०१ : शब्द म्हणून लावा वा संख्या म्हणून, क्रम तोच. सर्वांची लांबी सारखी आहे, आणि ती सारखी राखली आहे मधल्या शून्यांनी. पुढच्या वेळी पत्ता लिहिताना त्यांच्याकडे क्षणभर पाहा.