सवाल आणि जबाबदार

विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांची यादी ज्यांनी कधी चाळली असेल, त्यांना तिची भाषा ओळखीची असेल. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ही सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’, त्यामागोमाग ‘असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली’, आणि अखेरीस ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचाही साचा ठरलेला असतो. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मराठवाड्याच्या पाण्याविषयी, रस्त्यांविषयी, दवाखान्यांविषयी विचारलेले प्रश्न अशा याद्यांतून वाचत गेले, की कारकुनी वाटणाऱ्या या भाषेखाली एक मोठा इतिहास दडलेला असल्याचे जाणवू लागते. प्रश्न विचारण्याचा अधिकार या प्रदेशाला फार उशिरा मिळाला. मिळाला तेव्हापासून ज्याला विचारायचे तोच सतत जागा बदलत राहिला आहे.

‘जबाबदार’ हा शब्द आपण मराठीत इतका रुळवला आहे, की त्यातला ‘जबाब’ आपल्याला दिसेनासा झाला आहे. जबाब देणे ज्याच्याकडे लागते, तो जबाबदार. औरंगाबादेत, जिथे बाजारात आजही दखनीचा सूर कानी पडतो, तिथे तरी या शब्दाचा मूळ अर्थ विसरणे कठीण जावे. (शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. या लेखात त्या त्या काळी जे नाव होते तेच वापरले आहे.) १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्या साऱ्या चळवळीची मध्यवर्ती मागणी ‘जबाबदार राज्यपद्धती’ अशी होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने निजामाकडे मागितले ते मुख्यतः हेच, की राज्यकर्त्यांना प्रश्न विचारता यावा आणि त्याचे उत्तर देणे त्यांना भाग पडावे.

तुलनेसाठी शेजारच्या मुंबई इलाख्याकडे पाहावे. तेथील कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला. तोही अर्धवट होता. सरकारने दिलेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारू दिला, आणि १९१९ नंतर सभागृहातील कोणालाही तो विचारता येऊ लागला. एवढ्याशा पायऱ्या चढायला सत्तावीस वर्षे लागली. १९१९ च्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती ‘सोपीव’ म्हणून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. जमीनमहसूल, पोलीस आणि पाटबंधारे मात्र ‘राखीव’ राहिले. पाटबंधारे राखीव होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाणी कोणाच्या हाती असावे, हा वाद धरणांपेक्षा जुना आहे.

त्या सभागृहाच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरीही चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सभागृहातल्या ठरावाने नळाला पाणी येत नाही, हे या प्रांताला तेव्हापासून ठाऊक आहे.

निजामी राज्यात मात्र तेवढेही नव्हते. १८९३ पासून तिथे एक कायदेमंडळ होते, पण त्यात अधिकाऱ्यांचा आणि नेमलेल्या सभासदांचा भरणा असे. अरवमुदू अय्यंगार समितीच्या अहवालानंतर १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांनीही मंत्रिमंडळ लोकांना उत्तरदायी झाले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबादेत पहिली लोकनियुक्त विधानसभा भरली. तेव्हा कोठे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांच्या प्रतिनिधींना मंत्र्यांपुढे प्रश्न ठेवण्याची सोय झाली. मुंबई इलाख्यात हा हक्क पहिल्यांदा मिळाला, त्यानंतर साठ वर्षांनी. शिवाय ही विधानसभाही या पाच जिल्ह्यांच्या वाट्याला जेमतेम साडेचार वर्षेच आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि उत्तरे देणारे हैदराबादहून मुंबईला हलले.

हे स्थलांतर डोळे झाकून झाले नव्हते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठी प्रदेशाच्या तिन्ही विभागांत निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला व्हावे, असे ठरले होते. मराठवाडा बिनशर्त सामील झाला, असे आपल्याकडे अभिमानाने आणि पुढे पुढे काहीशा खंतीने सांगितले जाते. करार हा करारच होता. न्यायालयात त्याचे वजन किती, हा प्रश्न होताच. म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची आणि निधीचे समन्यायी वाटप करण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेशाने राज्यपालांवर सोपवता येईल, अशी ती तरतूद आहे. त्यात एक वाक्यांश असा आहे, ज्याकडे आपल्या विकासविषयक चर्चेत फारसे कोणी वळून पाहत नाही. या प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी राज्याच्या विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे घटनाच सांगते. म्हणजे आमदारांनी तो वाचावा, त्यावर बोलावे, मंत्र्यांना धारेवर धरावे, अशी घटनाकारांची अपेक्षा होती.

ही तरतूद अडतीस वर्षे कागदावर राहिली. मधल्या काळात जे घडले ते मुख्यतः रस्त्यावर घडले. १९७४ च्या विद्यार्थी आंदोलनात वसमतला गोळीबार झाला. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने विकासाचा प्रश्न निवेदनांतून, मोर्च्यांतून आणि न्यायालयांतून लावून धरला. अनंत भालेराव तो ‘मराठवाडा’ दैनिकातून मांडत राहिले. औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले ते १९८१ साली.

१९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि प्रश्नाची भाषाच पालटली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढून तिच्या खाली कोणता जिल्हा किती आहे, हे समितीने रुपयांत मांडले. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या वर निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून खेड्यातल्या सरपंचाच्याही तोंडी बसला. आजवर जी तक्रार होती तिला आकडा मिळाला, आणि आकड्याला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर देणे अवघड असते. मात्र अनुशेषाच्या हिशेबाने आपल्या राजकारणाची कल्पनाशक्ती आखडूनही गेली, असे मला वाटते. सिंचनाचा अनुशेष हेक्टरांत मोजता येतो. कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचते की नाही, हे त्या रकान्यात मावत नाही.

विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै १९८४ मध्ये मंडळांची एकमुखाने शिफारस केली. त्यानंतरही दहा वर्षे गेली. अखेर १ मे १९९४ रोजी मंडळे अस्तित्वात आली. मराठवाड्याचे कार्यालय औरंगाबादेत उघडले. एखाद्या आमदाराबरोबर स्थानिक संस्थेचा सदस्य, तज्ज्ञ मंडळी आणि विभागीय आयुक्त अशी त्याची रचना होती. त्याला कर लावण्याचा अधिकार नव्हता, खर्च करण्याचे सामर्थ्यही जवळजवळ नव्हते. विकासाची पातळी मोजायची, अनुशेष ठरवायचा, शिफारस करायची आणि अहवाल राज्यपालांना द्यायचा.

खरी मेख इथेच होती. विशेष जबाबदारी राज्यपालांची, आणि राज्यपालांना सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. ज्यांना विचारता येतो ते मंत्री म्हणणार की वाटपाचे सूत्र राजभवनातून आले आहे. डिसेंबर २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी अनुशेषाच्या निधीवाटपाचे निर्देश दिले. तोपर्यंत निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशेबाने १९९४ च्या पातळीवरचा अनुशेष चौदा हजार कोटींवर गेला होता. मराठवाड्याचा चार हजार कोटींच्या आसपास. निर्देश पाळले जात नाहीत अशी ओरड सुरू झाली. प्रा. बी. टी. देशमुख हे अमरावतीचे विधान परिषद सदस्य. सभागृहात आकडेवारीनिशी प्रश्न मांडण्यासाठी ते ख्यात होते. ते आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. २००८ मध्ये नागपूर खंडपीठाने राज्यपालांचे निर्देश सरकारवर बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. निकाल महत्त्वाचा होताच, पण त्यातली विसंगती मनात राहते. ज्यांचे काम सभागृहात उभे राहून उत्तर मागण्याचे, त्यांना ते उत्तर मिळवण्यासाठी वकीलपत्र द्यावे लागले.

जायकवाडीचा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. शंकरराव चव्हाणांच्या आग्रहातून उभे राहिलेले हे पैठणचे धरण. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. त्याची एकूण साठवणक्षमता १०२ टीएमसीच्या वर आहे. मात्र वरच्या अंगाला नाशिक-नगरमध्ये धरणे होत गेली, आणि नाथसागर भरणे हे पावसापेक्षा वरच्यांच्या औदार्यावर अवलंबून राहू लागले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्वांनी तूट वाटून घ्यावी, हे तत्त्व मान्य केले. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडावे, असा निर्णय प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला. २०२३ च्या टंचाईत ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तो याच सूत्राने. मराठवाड्याला हे हवेच होते. पण विधिमंडळात याविषयी एकाच दिवशी दोन आमदार परस्परविरोधी प्रश्न विचारू शकतात, आणि ‘प्रकरण प्राधिकरणाकडे आहे’ किंवा ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ हे एकच उत्तर दोघांनाही पुरते.

खुद्द शहराचा अनुभवही फारसा वेगळा नाही. मलिक अंबरच्या नहरींचा अभिमान बाळगणाऱ्या या गावाला, धरण पन्नासेक किलोमीटरवर असताना, कित्येक वर्षे आठवड्याआड पाणी मिळत आले. १९८२ मध्ये महापालिका झाली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा, स्वच्छता आणि पर्यावरण-संरक्षण हे विषय शहरांच्या यादीत घातले. महापालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाचा स्थितिदर्शक अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो. म्हणजे शहराचा कचरा कुठे जातो, हे विचारण्याची जागा कायद्याने नेमून दिलेली होती. तरीही तीसहून अधिक वर्षे तो नारेगावला साचत राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि प्रश्न थेट मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पोहोचला. आमदारांच्या रेट्याने आठवडाभरात पोलीस आयुक्त सक्तीच्या रजेवर गेले, पाठोपाठ महापालिका आयुक्तांची बदली झाली. विधिमंडळाच्या प्रश्नात केवढा जोर असू शकतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण. मात्र त्या जोराने माणसे हलली. कचरा वेगळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे, त्यासाठी जागा शोधणे हे काम गल्लीपातळीवरचे होते आणि ते रखडतच राहिले. वॉर्डातला प्रश्न वॉर्डाच्या सभेत विचारला गेला नाही, तर तो तीनशे किलोमीटर दूर जाऊन केवळ बदल्यांच्या रूपाने परत येतो.

समांतर जलवाहिनीचेही तसेच झाले. २०११ मध्ये करार, २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे, २०१६ मध्ये करार रद्द करण्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव. पाणी का येत नाही, हे नगरसेवकाला विचारावे तर तो कंपनीकडे बोट दाखवी, आणि कंपनीला विचारण्याची सोय कुठल्याच सभागृहात नव्हती. २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली. तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला.

एप्रिल २०२० च्या अखेरीस दोन मुदती जवळजवळ एकाच वेळी संपल्या. महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, आणि ३० एप्रिलला विकास मंडळांचीही संपली. मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. महापालिकेत पुढची पाच वर्षे नगरसेवक नव्हते. सर्वसाधारण सभेचे अधिकारही प्रशासकांकडेच असल्याने, पर्यावरणाचा अहवाल अधिकाऱ्याने स्वतःच स्वतःपुढे ठेवायचा, अशी स्थिती झाली. उरले होते विधिमंडळ. साथीच्या त्या वर्षी त्याचे पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर असे दोनच दिवस चालले, आणि त्या दोन दिवसांत प्रश्नोत्तराचा तास नव्हता.